सरड्याची धाव कुंपणापलीकडे: दहा सरडे, एक मोजा आणि अमेरिकेतलं एक शहर

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आजचा हिरो वीतभर लांबीचा आहे आणि त्यातली अर्ध्याहून जास्त लांबी नुसती शेपटी आहे. आपल्याकडे म्हण आहे ना, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. ही म्हण ज्याने कुणी केली त्याने सिनसिनाटी पाहिलं नव्हतं. तिथल्या सरड्याची धाव इटलीपासून ओहायोपर्यंत आहे, म्हणजे सात हजार किलोमीटरहून जास्त. आणि तीही एका पोराच्या मोज्यातून.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू. इंग्रजीत ज्याला ‘वॉल लिझर्ड’ म्हणतात ते ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्यूबलाइटशेजारी चिकटलेली पाल येते. शाळेत आपल्याला तसंच शिकवलंय. पण पाल म्हणजे गेको, ते घराणं वेगळं. रात्री फिरणारी, पायाला चिकटणारे पॅड, तोंडाने चुकचुक. युरोपातला वॉल लिझर्ड हा दिवसाचा प्राणी आहे. सडपातळ, चपळ, तपकिरी किंवा हिरवट, अंगावर जाळीसारखी नक्षी. दगडी भिंतीवर उन्हात पसरतो आणि तुमची सावली पडली की फटीत गायब. त्याचं कूळ लॅसर्टिडी. या कुळातले त्याचे लांबचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत बरं का. दख्खनच्या माळरानावर चालताना पायाखालून सर्रकन जाणारे बारके सरडे असतात, ज्यांना सापासारखी पापणी मिटत नाही, ते याच कुळातले. तर आजच्या भागात मी ‘वॉल लिझर्ड’ म्हटलं की पाल नाही, हे डोक्यात ठेवा.

आता चला १९५१ च्या सुमारास. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झालेली. अमेरिकेतली पैसेवाली कुटुंबं पुन्हा युरोपला सुट्टीवर जायला लागली होती. अशाच एका कुटुंबाबरोबर जॉर्ज राऊ नावाचा शाळकरी मुलगा उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवरावर गेला. निळं पाणी, मागे आल्प्सचे डोंगर, काठाने दगडी भिंती आणि त्या भिंतींवर शेकडो सरडे. त्या वयाच्या पोराला यापेक्षा जास्त काय पाहिजे? त्याने पकडले, दहाएक. असं सांगतात की ते त्याने एका मोज्यात भरून आणले. विमानतळावर आज आपली चटणीची बाटली काढून घेतात, तेव्हा पोराच्या सामानातला मोजा कुणी उलटा करून बघितला नाही.

सिनसिनाटीत टॉरेन्स कोर्ट नावाच्या गल्लीत त्याचं घर होतं. तिथे त्याने ते सरडे बागेतल्या दगडांमध्ये सोडून दिले. बस्स. कुठलाही कट नाही, प्रयोग नाही, सरकारी योजना नाही. पोराला सरडे आवडले आणि त्याला ते आपल्या अंगणात हवे होते, एवढंच.

हा जॉर्ज ज्या घरात वाढला त्या घराबद्दल थोडं सांगतो, कारण सरड्यांचं नाव तिथून आलंय. तो लाझारस कुटुंबातला सावत्र मुलगा. लाझारस म्हणजे ओहायोतले डिपार्टमेंट स्टोअरवाले. त्यांच्या दुकानांसह काही मोठी दुकानं १९२९ मध्ये एकत्र आली आणि फेडरेटेड डिपार्टमेंट स्टोअर्स ही कंपनी झाली. हीच कंपनी पुढे २००७ मध्ये ‘मेसीज’ या नावाने ओळखली जायला लागली. न्यूयॉर्कमध्ये ज्यांची थँक्सगिव्हिंगची परेड असते, ते मेसीज. आणि या घराण्याचा थँक्सगिव्हिंगशी आणखी एक संबंध आहे. फ्रेड लाझारस ज्युनियर यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे लकडा लावला होता की हा सण एक आठवडा अलीकडे घ्या, म्हणजे ख्रिसमसच्या खरेदीला जास्त दिवस मिळतील. १९३९ मध्ये रूझवेल्टनी खरंच तारीख हलवली आणि देशात निम्म्या राज्यांनी ती मानली, निम्म्यांनी नाही. शेवटी १९४१ मध्ये संसदेने कायदा करून तो वाद मिटवला. म्हणजे एकाच घराण्याच्या नावावर दोन पराक्रम: मोठ्यांनी सण सरकवला, धाकट्याने सरडे. माझ्या मते धाकट्याचं काम जास्त टिकलं.

तर सिनसिनाटीकर या प्राण्याला ‘लाझारस लिझर्ड’ म्हणतात. योगायोग असा की बायबलमध्ये लाझारस म्हणजे मेलेला माणूस जो पुन्हा उठला. आणि हा सरडा शेपटी तोडून पळतो आणि ती पुन्हा उगवते. नावाचा त्या गोष्टीशी संबंध नाही, पण लोकांना वाटतं की आहे, आणि नाव आणखी घट्ट चिकटतं.

बरीच वर्षं शहरात नाना कथा होत्या की हे आले कुठून. जॉर्जने मोठेपणी स्वतःच सांगितलं की ते मी आणले. एखाद्याला वाटेल, म्हातारपणीची बढाई असेल. पण जनुकांच्या अभ्यासातूनही बोट उत्तर इटलीकडेच गेलं. शिवाय सिनसिनाटीतल्या सरड्यांमध्ये आपसातली जनुकीय विविधता फार कमी आहे, म्हणजे मूळ पूर्वज मोजकेच होते हेही दिसतं.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. दहा सरडे. त्यातले सगळे जगले असतील असंही नाही. मादी एका हंगामात दोन-तीन वेळा अंडी घालू शकते. माझा आपला कच्चा हिशोब: समजा संख्या दर चार वर्षांनी फक्त दुप्पट झाली. ७२ वर्षांत १८ वेळा दुप्पट. दहा गुणिले दोनचा अठरावा घात, म्हणजे २६ लाखांच्या वर. हा खरा आकडा नाही हं, कुणी व्हॉट्सअॅपवर टाकू नका. खऱ्या आयुष्यात हिवाळा असतो, मांजरी असतात, जागा संपते. पण सुरुवातीचा आकडा छोटा असणं म्हणजे काहीच नाही, हे यातून कळतं. आपल्या फील्डमध्ये म्हणतात तसं, हे असं डिप्लॉयमेंट आहे ज्याला रोलबॅक नाही.

पण मग प्रश्न असा की हे इथेच का जमलं? जगात रोज कुणी ना कुणी पाळलेला प्राणी सोडून देतो, आणि त्यातले बहुतेक प्राणी काही दिवसांत मरतात. सिनसिनाटीत काय वेगळं होतं?

एक तर शहराची घडण. ओहायो नदीच्या काठी उभ्या टेकड्या, आणि टेकड्यांवर घरं. उतार ढासळू नये म्हणून जागोजागी दगडी भिंती बांधलेल्या. चुनखडीचे दगड, मधे फटी, दक्षिणेकडे तोंड केलेले बांध. सरड्याच्या नजरेने बघाल तर हे गार्डा सरोवराचं गावच आहे. उन्हाळा गरम, हिवाळा कडाक्याचा, पण भिंतीच्या आत खोल गेलं की गोठत नाही. गंमत म्हणजे सिनसिनाटी हे नावसुद्धा रोमन आहे, सिनसिनाटस नावाच्या जुन्या रोमन पुढाऱ्यावरून आलेलं, आणि लोक या शहराला सात टेकड्यांचं शहर म्हणतात, रोमसारखं. इटलीच्या सरड्याला परकं वाटावं असं तिथे फारसं काही नव्हतं.

दुसरं, जागा रिकामी होती. ओहायोत स्थानिक सरडे आहेत, पण थोड्या जातींचे. त्यातलं कुणीही शहरातल्या दगडी भिंतींवर ठाण मांडून बसलेलं नव्हतं. नव्याला कुणाला हाकलावं लागलं नाही.

आणि तिसरं, लोकांनी त्यांना मदत केली. शाळेतली पोरं सरडे पकडून आपल्या बागेत सोडायची. गल्लीतून गल्लीत, टेकडीवरून टेकडीवर. नदी ओलांडून ते केंटकी राज्यातही पोचले. आज तिथे हा सरडा इतका मुरलाय की ओहायोच्या नैसर्गिक संसाधन खात्यानेच त्याला राज्याचा कायमचा रहिवासी मानलंय. विचार करा, मोज्यातून आला, ना व्हिसा ना कागद, आणि आता डोमिसाइल. आपल्याकडे एक उत्पन्नाचा दाखला काढायला किती खेटे घालावे लागतात!

इथपर्यंत ही गोष्ट गोड आहे. आता जरा पश्चिमेला जाऊ.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हँकुव्हर आयलंड नावाचं मोठं बेट आहे. तिथे व्हिक्टोरिया शहराला लागून सानिच नावाचा भाग आहे. तिथे एक छोटं खासगी प्राणिसंग्रहालय होतं. १९७० च्या आसपास ते बंद पडलं आणि तिथले डझनभर वॉल लिझर्ड मोकळे सोडले गेले. हीच जात, पोडार्सिस म्युरॅलिस. हेही इटलीतूनच आलेले. पुढची बरीच वर्षं कुणाला काही वाटलं नाही. सरडे होते, पण त्या परिसरापुरते. मग हळूहळू पसरले, आणि एकविसाव्या शतकात एकदम लोकांच्या लक्षात आलं की अरे, हे तर सगळीकडे आहेत. आज अंदाज लाखोंच्या घरात जातात.

पसरले कसे? स्वतःच्या पायाने सरडा वर्षाला फार लांब जात नाही. पण कुंडीतून जातो. गवताच्या भाऱ्यातून जातो. गाडीच्या बॉनेटमध्ये बसून जातो. आणि इथेही लोकांच्या हातून जातो. कुणाला वाटलं की बागेतले किडे खाईल, कुणाला वाटलं नातवाला मजा येईल. नर्सरीतून रोप आणलं, त्याबरोबर अंडी आली.

पण सिनसिनाटी आणि इथे एक मोठा फरक आहे. व्हँकुव्हर आयलंडवर एकच स्थानिक सरडा आहे, नॉर्दर्न ॲलिगेटर लिझर्ड. नाव भारी, पण प्राणी शांत, संथ. हा अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो, आणि वॉल लिझर्डच्या तुलनेत त्याची पैदास हळू होते. आता समजा तुमच्या गल्लीत एकच वाण्याचं दुकान आहे. मालक वयस्कर, दुपारी झोपतो. आणि समोर कुणीतरी दहा मिनिटांत डिलिव्हरी देणारं गोदाम उघडतं. वाण्याशी कुणाचं भांडण नाही, त्याला कुणी मारलं नाही. पण काय होणार हे आपल्याला माहीत आहे. तिथल्या अभ्यासकांची काळजी तीच आहे. शिवाय वॉल लिझर्ड खाण्यात नखरे करत नाही. मुंग्या, कोळी, मधमाश्या, जे तोंडात मावेल ते. फुलांवर परागीभवन करणारे कीटक कमी झाले तर काय, हा प्रश्न तिथले शेतकरी आणि बागवाले विचारतात. व्हिक्टोरियातल्या रॉयल बी.सी. म्युझियमचे गॅव्हिन हॅन्के हे कित्येक वर्षं लोकांना सांगतायत: दिसला तर कळवा, आणि काही झालं तरी उचलून दुसरीकडे नेऊ नका.

मला विचाराल तर मी जॉर्ज राऊला दोष देत नाही. पोर होतं ते. १९५१ मध्ये ‘आक्रमक परकी प्रजाती’ हा शब्दप्रयोग मोठ्यांच्या तोंडीही नव्हता. पण ज्याचा धंदाच प्राणी ठेवण्याचा आहे त्याने दुकान बंद करताना पिंजऱ्याचं दार उघडून निघून जावं, हे वेगळं. दया वाटली असेल. मारण्यापेक्षा सोडलेलं बरं, असं वाटलं असेल. नेमकी हीच दया पुढे सगळ्यांना महागात पडते.

आणि हे काही एकटंदुकटं उदाहरण नाही. वॉल लिझर्डची अमेरिकेतली जवळजवळ प्रत्येक वसाहत ही पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून किंवा कुणाच्या तरी हौसेतून आलीय. त्यातल्या बऱ्याच वसाहती दुसऱ्या जातीच्या आहेत, इटालियन वॉल लिझर्ड, पोडार्सिस सिक्युलस. हा जरा दांडगा, पाठ हिरवीगार. कॅन्सस राज्यात टोपेका शहरात प्राणी पुरवणाऱ्या एका कंपनीकडून निसटले. लॉस एंजलिसजवळ सान पेद्रोमध्ये एकाने १९९४ मध्ये सिसिलीतल्या ताओर्मिनाहून आणून घरच्या बागेत सोडले. पण सगळ्यात भारी गोष्ट न्यूयॉर्कची.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर गार्डन सिटी नावाचं उपनगर आहे. १९६६-६७ च्या सुमारास तिथे एका पेट शॉपशी संबंधित सरडे बाहेर पडले. कुणी सांगतं ट्रकचा अपघात झाला आणि खोके फुटले, कुणी सांगतं दुकानातून निसटले. अपघाताची कथा अर्थातच जास्त चालते, कारण ती सांगायला छान आहे. पुढे काय झालं ते मात्र अगदी मुंबईकराला समजेल असं आहे. सरड्यांनी लोकल पकडली! म्हणजे डब्यात बसून नाही, तर रुळांच्या कडेने. लाँग आयलंड रेल्वेच्या रुळांखालची खडी. उन्हात तापणारी, फटीच फटी असलेली, झाडांची सावली नाही, किड्यांना तोटा नाही. सरड्याला एक्सप्रेसवे मिळाला. उपनगरातल्या लॉनवर त्यांचं काही चाललं नसतं, पण रुळाकडेने ते स्टेशनामागून स्टेशन सरकत गेले. हॉफस्ट्रा युनिव्हर्सिटीचे रसेल बर्क यांनी या सरड्यांवर कित्येक वर्षं काम केलंय. पुढे शेजारच्या कनेक्टिकटमधल्या ग्रीनिचमध्येही ते सापडले, तिथेही रेल्वेच्या आसपास. सिसिलीचा नातेवाईक न्यूयॉर्कच्या बर्फात जगतो, तेही जमिनीखाली थोडं खोल जाऊन.

आता पाळण्याबद्दल बोलू, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. हे सरडे पाळतात का? हो, युरोपात आणि अमेरिकेत पाळतात. इग्वाना किंवा अजगरापेक्षा स्वस्त, आकाराने छोटे, दिवसा जागे, त्यामुळे बघायला मजा. पण ‘छोटा’ म्हणजे ‘सोपा’ नाही. त्याला काचेच्या पेटीत एका टोकाला चांगली उष्णता आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो, कारण तो ऊन-सावलीत ये-जा करूनच अंगाचं तापमान सांभाळतो. अतिनील किरण देणारा खास दिवा लागतो, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. जिवंत किडे लागतात. हिवाळ्यात थंड जागी विश्रांती लागते. दोन नर एकत्र ठेवले तर मारामारी. आणि हे काम दोन महिन्यांचं नाही, कित्येक वर्षांचं. म्हणजे बारावीत असताना घेतला तर तो तुमचं इंजिनिअरिंग संपलेलं बघेल. इथेच गोची होते. हौस संपते, प्राणी उरतो. विकायला जावं तर भाव नाही, मारायला हात धजत नाही. मग एखाद्या रविवारी बागेत नेऊन ‘जा बाबा, सुखी राहा’.

हे आपल्याला अनोळखी आहे का? मुंबई-पुण्यात अॅक्वेरियमच्या दुकानात नाण्याएवढं हिरवं कासव मिळायचं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं. रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेचं. घेताना तळहातावर मावायचं, काही वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढं झालं की जवळच्या तलावात. सोडणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं. आता ती कासवं आपल्या तलावांत आपल्या कासवांच्या जागा धरून बसलीत. म्हणून २०२२ मध्ये आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बदल करून परदेशी प्रजाती पाळणं आणि त्यांची नोंद यांबद्दल तरतुदी आल्या.

इंग्लंडची गोष्ट थोडक्यात, कारण ती विज्ञानाला फार काही देऊन गेली. तिथेही विसाव्या शतकात दुकानातून घेतलेले आणि सुट्टीवरून आणलेले वॉल लिझर्ड ठिकठिकाणी सोडले गेले. दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर व्हेंटनरला त्यांची मोठी वसाहत आहे. तिथली बोटॅनिक गार्डन जिथे आहे तिथे पूर्वी क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं. उबदार हवा आणि दक्षिणेचं ऊन म्हणून रोग्यांना तिथे ठेवत. सरड्यांनी तीच जागा त्याच कारणासाठी निवडली. आज तिकडे वॉल लिझर्ड मोकळा सोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, कारण दुर्मीळ होत चाललेल्या स्थानिक सँड लिझर्डची काळजी आहे.

पण बघा, इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर. अंडी उबायला उष्णता कुठून? अभ्यासकांना असं आढळलं की इंग्लंडमध्ये वसलेल्या या सरड्यांच्या माद्या अंडी पोटात जास्त दिवस ठेवतात, म्हणजे घालण्याआधीच पिल्लाची बरीच वाढ होऊन जाते. आणि त्यांची अंडी थंड तापमानात मूळ गावच्या अंड्यांपेक्षा लवकर वाढतात. काही दशकांत झालेला बदल. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण पाठ केलेलं असतं. तिला इथे आपल्या आजोबांच्या आयुष्याएवढाही वेळ लागला नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एड्रियाटिक समुद्रात आहे, आजच्या क्रोएशियात. १९७१ मध्ये एव्हियातार नेव्हो आणि सहकाऱ्यांनी इटालियन वॉल लिझर्डच्या पाच जोड्या पॉड कोपिश्ते या बेटावरून उचलल्या आणि शेजारच्या पॉड म्रचारू या टिकलीएवढ्या बेटावर सोडल्या. तिथे आधीपासून दुसऱ्या जातीचे सरडे होते. बघायचं होतं की दोघांत कोण टिकतं. हा प्रयोग होता, चूक नाही. पण पुढे युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध झालं. अँथनी हेरेल, डंकन अर्शिक आणि इतर जण त्या बेटावर गेले तेव्हा २००४ उजाडलं होतं. बेट नव्या सरड्यांनी भरलेलं. जुने मूळ रहिवासी? एकही नाही.

आणि जे जिंकले तेही बदलले होते. मूळ बेटावर हे सरडे मुख्यतः किडे खातात. नव्या बेटावर उन्हाळ्यात त्यांच्या पोटात जवळपास ६१ टक्के झाडपाला निघाला. मूळ बेटावर तोच आकडा ४ टक्के. पानं चावायची म्हणून डोकी मोठी झाली, चावा जास्त जोरदार झाला. आणि आतड्यात पडद्यासारखे झडपे तयार झाले होते, जे अन्न जास्त वेळ धरून ठेवतात. असे झडपे सरडे-सापांच्या जगात एक टक्क्याहूनही कमी जातींत असतात. पाच जोड्या, ३६ वर्षांच्या आत. २००८ मध्ये हा शोधनिबंध आला तेव्हा जगभर बातमी झाली. हा बदल जनुकांत किती आणि खाण्यामुळे शरीराने घेतलेलं वळण किती, यावर अभ्यासकांत चर्चा झाली आणि चालू आहे. बातम्यांत मात्र जिंकलेल्यांचंच कौतुक होतं. हरलेल्या जातीचं नाव किती जणांनी वाचलं? पोडार्सिस मेलिसेलेन्सिस. दुसरीकडे ती आहे, संपलेली नाही. त्या बेटावरून मात्र संपली.

आता शेवटचा मुक्काम, आणि इथे फासे उलटे पडतात.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलंय ना? ड्रॅगनस्टोनला जाणारा तो लांबलचक दगडी जिना? ती जागा खरी आहे, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं गास्तेलुगात्शे. खऱ्या आयुष्यात तिथे ड्रॅगन नाहीत, पण १९९० च्या दशकात कुणीतरी सोडलेले वॉल लिझर्ड आहेत. निळे-हिरवे, अगदी झकपक रंगांचे. ते मूळचे भूमध्य समुद्रातल्या इबिझा आणि फोर्मेन्तेरा बेटांवरचे. पोडार्सिस पिट्युसेन्सिस. रंगांमुळे हौशी लोकांना ते फार हवे असतात. इतके की आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत त्यांचं नाव आहे. गास्तेलुगात्शेच्या खडकावर ते पाहुणे आहेत, स्थानिक सरड्यांच्या जागेत घुसलेले.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरी? इबिझावर साप नव्हते. हजारो वर्षं हे सरडे तिथे सापाची भीती न बाळगता राहिले. पर्यटकांच्या डब्यातलं फळ खायला जवळ येतात, इतके निर्धास्त. मग इबिझात बंगले वाढले, बंगल्यांना बागा आल्या, आणि बागेत शोभेसाठी जुनी, जाड बुंध्याची ऑलिव्हची झाडं हवी झाली. ती स्पेनच्या मुख्य भूमीवरून ट्रकने आणि बोटीने आली. त्या बुंध्यांच्या पोकळ्यांत हॉर्सशू व्हिप स्नेक नावाचे साप होते, थंडीत झोपलेले. २००३ पासून ते इबिझावर दिसायला लागले. आज बेटाच्या मोठ्या भागावरून हे रंगीत सरडे नाहीसे झालेत. आता तिथले लोक दरवर्षी पिंजरे लावून हजारोंनी साप पकडतात. पिंजऱ्यात आमिष म्हणून जिवंत उंदीर, दुसऱ्या कप्प्यात सुरक्षित ठेवलेला.

म्हणजे एकच घराणं. ओहायोत लाडका रहिवासी, कॅनडात डोकेदुखी, इंग्लंडमध्ये कायद्याने मनाई, म्रचारूवर विजेता, इबिझात बळी. सिनसिनाटीकरांचं सरड्यावरचं प्रेम खरं आहे, पण मला सारखी शंकेची पाल चुकचुकते की ते प्रेम परवडलं कारण तिथे कुणाचं फारसं गेलं नाही. सानिचमधल्या माणसाला तेच प्रेम परवडत नाही.

आणि हो, पालीवरून आठवलं. आपली घरातली पाल, जिला आपण झाडूने हाकलतो, तिचीच एक जात, एशियन हाउस गेको, दक्षिण आणि आग्नेय आशियातून जहाजांच्या मालाबरोबर पॅसिफिकमधल्या बेटांवर, ऑस्ट्रेलियात, मेक्सिकोत जाऊन बसलीय. तिला कुणी मोज्यात घालून नेलं नाही, कुणाला ती आवडलीही नव्हती. तिने आपली वाट खोक्यांतून काढली. ब्रिस्बेनमध्ये नोकरीला गेलेले मराठी लोक रात्री भिंतीवरून चुकचुक ऐकतात आणि त्यांना घरची आठवण येते. तिथल्या स्थानिक गेकोंना मात्र ती आवाजाची शेजारीण नको झालीय. पालीचा हा प्रवास एका वेगळ्या भागात घेऊ, त्यात जहाजं आहेत, दुसरं महायुद्ध आहे, बराच मसाला आहे.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या शनिवारी.